बटणाने बुजवलेलं भोक

डेल्बर्ट स्टिडम गाडीकडे आधी बघायचा नाही, आधी तिला हात लावायचा. डोळे शाबूत होते तेव्हापासूनची ही सवय. गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात उभं राहून आपल्या गाडीचं कौतुक सांगत असायचं आणि हा डिकीत डोकं खुपसून आतून पत्र्यावर बोटं फिरवत असायचा. एखादी जुनीजाणती सुईण फिरवते तशी.

मी या गल्लीत राहायला आले त्याला एकतीस वर्षं झाली. त्याच्या आणि माझ्या घरामध्ये एक कुंपण, तेही कमरेएवढंच. तरुणपणी तो केंटकीच्या डोंगरातून इथे मिशिगनला आला तो कारखान्यात कामाला, आणि तीस वर्षं एकाच जागी उभा राहिला: गाडीच्या अंगावर चकचकीत पट्ट्या, बिल्ले, काचेभोवतीच्या कडा बसवायच्या. त्याची बायको नेओमा म्हणायची, "मला आयुष्यात एक अंगठी घातली याने, आणि गाड्यांना दागिने घालून घालून हात झिजवले."

निवृत्त झाल्यावर तेच ज्ञान कामी आलं. त्याच्या तरुणपणीच्या त्या दांडग्या इंजिनांच्या गाड्या, ज्यांना मसल कार म्हणतात, त्यांच्यासाठी आता लोक वेडे झालेत. आणि जिथे वेड तिथे लबाडी. साध्या गाडीच्या सांगाड्यावर भंगारात गेलेल्या भारी गाडीची पाटी ठोकायची की झाली भारी गाडी. काचेखाली फुलासारख्या सहा पाकळ्यांच्या रिव्हेटने बसवलेली छोटी पत्र्याची पाटी असते, तिच्यावर गाडी कोणत्या आठवड्यात बनली, रंग कोणता, आतलं कापड कोणतं, सगळं आकड्यांत ठोकलेलं असतं. पण डेल्बर्ट म्हणायचा, "पाटी खोटं बोलते पोरी. भोकं खोटं बोलत नाहीत." पट्ट्या ज्या भोकांत बसवतात ती भोकं कारखान्यात कशी पडत आणि कुणी घरी बसून पाडली तर कशी पडतात, हे त्याचा अंगठा सांगायचा. तीन राज्यांतून लोक येत. लिलावात गिऱ्हाईक आधी विचारायचं, स्टिडमचा कागद आहे का?

या धंद्यात एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इथे नीटनेटकेपणापेक्षा कारखान्याची चूक मोलाची. रंगाचा ओघळ, तिरकी बसलेली पट्टी, घाईत मारलेली खडूची खूण, असलं काही सापडलं की लोक ते जिवापाड जपतात. नवं तर कुणीही करील. जुनी चूक कुठून आणणार?

सात वर्षांपूर्वी डेल्बर्टची नजर मधोमध गेली. कडेचं दिसायचं, मधलं नाही. समोरच्या माणसाचे कान दिसत आणि चेहरा नसे. तेव्हापासून आकडे वाचायला आणि तपासणीची कार्डं लिहायला मी जाऊ लागले. माझं अक्षर बरं आहे आणि मला घाई नसते, एवढीच माझी लायकी.

त्याच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर एक फोटो आहे. आपल्या हिरव्या गाडीच्या बोनेटवर एक पोरगेलासा माणूस हात पसरून आडवा पडलाय. तो लॉनी, डेल्बर्टचा धाकटा भाऊ. तोही त्याच कारखान्यात होता, रंगाच्या खात्यात. सत्त्याहत्तर सालच्या नोव्हेंबरात तो हरणाच्या शिकारीला म्हणून उत्तरेकडच्या जंगलात गेला तो परत आलाच नाही. पंधरा तारखेला हंगाम उघडतो. त्या दिवशी इथे कारखाने ओस पडतात आणि जंगलं भरतात. लॉनी जाणार होता त्याचा मित्र वेंडेल प्रेटर याच्या केबिनवर. वेंडेलने पोलिसांना सांगितलं, मी वाट बघून थकलो, लॉनी पोचलाच नाही. लॉनी सापडला नाही, गाडी सापडली नाही. आई केंटकीत वारली. तिने आपल्या थडग्याच्या डाव्या अंगाची जागा लॉनीसाठी मोकळी ठेवायला सांगितली होती. ती अजून मोकळी होती. दर पंधरा नोव्हेंबरला डेल्बर्ट घराबाहेर पडायचा नाही.

वेंडेल मात्र त्या घरचाच झाला होता. तोही केंटकीचा, कारखान्यात इंजिनाच्या बाजूला होता, आणि पुढे जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देण्याचं त्याचं मोठं वर्कशॉप झालं. जवळजवळ चाळीस वर्षं दर रविवारी चर्च सुटलं की नेओमाच्या टेबलावर घेवडा आणि मक्याचा पाव खायला हजर. डेल्बर्टच्या आईच्या शवपेटीला यानेच खांदा दिला होता.

त्या शनिवारी, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आम्ही गॅरेजात बसलो होतो. डेल्बर्टने एकदम मान वाकडी केली. "वेंडेल आला." मला तर रस्ता रिकामा दिसत होता. थोड्या वेळाने कोपऱ्यावरून त्याचा ट्रक वळला. त्याच्या इंजिनाचा एक ठोका दर वेळी गळायचा; डेल्बर्ट तो दोन गल्ल्यांवरून ओळखायचा. मागच्या ट्रेलरवर ताडपत्रीखाली गाडी होती.

"काय रे आंधळ्या, आहेस का जिवंत?"

"तुला खांदा द्यायला कुणीतरी पाहिजे ना."

"हिला बघ आणि मग मर." वेंडेलने ताडपत्री ओढली. पेटल्यासारखी केशरी गाडी होती. "शहाऐंशीत इंडियानातल्या एका कोठारातून उचलली. तीस वर्षं बाजूला ठेवली होती. आता गुडघे गेले, फ्लोरिडाला जाऊन पडायचं म्हणतोय. जानेवारीच्या लिलावात घालतो. आणि शेजारीणबाई, तुम्ही जरा सढळ हाताने लिहा. याच्या नादाने तुम्हीही कद्रू झालात."

मी पाटी वाचली. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, रंग केशरी, आत काळं कापड.

"रिव्हेटच्या पाकळ्या?" डेल्बर्टने विचारलं.

"सहाच्या सहा. सारख्या झिजल्यात."

"लिही, मूळ."

काचेची कड, दारावरची पट्टी, मागच्या चाकावरच्या पत्र्याचे वेल्ड. तो पत्रा सांगाड्याला जोडलेला असतो. बदलला तर वेल्डच चुगली करतात. तेही मूळ. वेंडेल पाठीमागे हात बांधून येरझाऱ्या घालत होता, मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बाप घालतो तसा.

"खरी मजा पुढे आहे," तो म्हणाला. "डिकीत उजवीकडे हात घाल, बिल्ल्याच्या मागे. बाई, तुम्ही हे बघा." त्याने अल्बम उघडून माझ्यापुढे धरला. रंग देण्याआधीचा फोटो होता. बिल्ल्यासाठी दोन भोकं लागतात, इथे तिसरंही होतं, बोटभर चुकलेलं. "कुणा बेट्याचं ड्रिल घसरलं. आणि बुजवायला काय घातलंय? बटण! डगल्याचं पितळी बटण ठोकून कडेने डांबर फासलंय. मी त्याला रंगाचा थेंब लागू दिला नाही, त्याच्याभोवती कागद चिकटवून काम केलं. असली चूक विकत मिळत नाही, राव."

"कोंबडा आहे वाटतं त्याच्यावर," मी म्हणाले.

"कोंबडाच. असली बटणं या बाजूला मिळायची नाहीत. कुणीतरी आपल्या केंटकीकडचा असणार. कारखान्याच्या लाइनवर निम्मे आपलेच होते."

डेल्बर्टचं डोकं आणि हात डिकीत होते. मला दिसत होत्या फक्त त्याच्या बुटांच्या टाचा. आत पोचायला त्याने त्या उचललेल्या होत्या. त्या हळूहळू खाली आल्या आणि जमिनीला टेकल्या.

"निम्मे आपलेच होते," तो आतून म्हणाला.

बराच वेळ तो बाहेर आला नाही. आला तेव्हा फडक्याने एकेक बोट पुसत होता. "गाडी दोन दिवस ठेव."

"दोन दिवस? तू तर तासाभरात सांगतोस."

"डोळे गेले. आता हळू चालतं."

"कमी काय दिसलं?"

"कमी काही नाही."

तेवढ्यात नेओमा कॉफीचे पेले घेऊन आली. ती आली की तिचं बोलणं तिच्याआधी दारातून आत येतं. वेंडेलला तिने नेहमीचा टोमणा मारला, की फ्लोरिडात म्हाताऱ्यांना मगरी खातात म्हणे. मग पेला ठेवायला माझ्याजवळ वाकली आणि अल्बमवर तिची नजर गेली. तिचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. पेला तिने इतका जपून ठेवला की आवाजसुद्धा झाला नाही.

"काय गं नेओमा, जीभ गिळलीस का?" वेंडेल म्हणाला.

"दात दुखतोय," ती म्हणाली आणि आत गेली.

नेओमाचे सगळे दात नऊ वर्षांपूर्वी काढले होते. कवळी आहे तिची. ती बसवायला तिला दवाखान्यात घेऊन गेला होता वेंडेलच.

त्याने तिच्या पाठीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग अल्बम माझ्या हातातून काढून घेतला आणि मिटला. घाई केली नाही. खिशातून हातमोजे काढून एकेक बोट आत घालत म्हणाला, "डेल, या पंधराला चल की केबिनवर. इतकी वर्षं बोलावतोय, दर वेळी नाही म्हणतोस. आता मी चाललो फ्लोरिडाला. परत योग यायचा नाही."

डेल्बर्टने त्याच्या आवाजाच्या दिशेने मान फिरवली. "येतो," म्हणाला.

केशरी गाडी मागे ठेवून वेंडेल गेला. ट्रकचा आवाज कोपऱ्यावर विरेपर्यंत डेल्बर्ट तसाच उभा राहिला. आम्ही आत गेलो तर नेओमा जमिनीवर बसली होती, पेटी उघडून. तिच्या मांडीवर निळ्या कापडाचा, छातीपर्यंत येणारा, खांद्यावर दोन पट्टे असलेला डेल्बर्टचा जुना कामाचा डगला होता. उजव्या पट्ट्यावर पितळी बटण, त्यावर कोंबडा. डाव्या पट्ट्यावर साधं काळं.

"हे मी लावलं होतं," तिने काळ्या बटणावर बोट ठेवलं. "आणि दहा वर्षं याला ऐकवलं, की आईने गावाहून पाठवलेला डगला, त्याचं बटण कुठे हरवून आलास म्हणून. मग एकदाचं याने खरं सांगितलं."

डेल्बर्टने सांगितलं. सत्तर सालचा मे महिना. लॉनीने स्वतःसाठी मागवलेली गाडी लाइनवरून येत होती. तिचे दागिने आपणच घालायचे म्हणून डेल्बर्टने त्या दिवशी दुसऱ्याशी पाळी बदलून घेतली. बिल्ल्याची भोकं साचा लावून हाताने पाडायची असत. लॉनी रंगखात्यातून पळत आला आणि मागून त्याच्या काखेत गुदगुल्या केल्या. ड्रिल घसरलं. मुकादम दहा पावलांवर. डेल्बर्टने पट्ट्याचं बटण तोडलं, भोकात ठोकलं, कडेने डांबर फासलं. "हे तिघांनाच माहीत. मी, लॉनी आणि ही."

"पोलिसांना फोन करते," मी म्हणाले.

"मग काय होईल? ते गाडी नेतील. वेंडेल वकील करील आणि तोंडाला कुलूप घालील. म्हणेल, मला कोठारात अशीच मिळाली. मला गाडी नको, पोरी. माझा लॉनी कुठे पडलाय ते एकाच माणसाला ठाऊक आहे. तो मला केबिनवर बोलावतोय. तिथे विचारीन."

"विचारायला बोलावतोय होय?" नेओमा म्हणाली. "त्याला कळलंय, डेल. माझ्या दातांनी कळवलं. तू परत यायला हवायस का त्याला?"

त्या जंगलात पंधरा तारखेला दिवसभर गोळ्या वाजत असतात. एखादी जास्तीची वाजली तर कुणी मोजत नाही. हे त्या घरात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

डेल्बर्टने मला कार्ड घ्यायला सांगितलं. मी लिहिलं: पाटी फेब्रुवारीची, सांगाडा मे महिन्याचा. तिसरं भोक मी स्वतः पाडलं, बटण माझं. ही गाडी लॉनी स्टिडमची आहे. त्याने चाचपत सही केली, ती ओळ सोडून खाली गेली. पाकीट माझ्या स्वाधीन केलं. "पंधराला, मंगळवारी, दुपारी बारापर्यंत माझा फोन आला नाही तर शेरीफकडे दे. त्याआधी दिलंस तर मला लॉनी मिळायचा नाही."

चौदा तारखेला, सोमवारी सकाळी ट्रक आला. शिकारीत चुकून गोळी लागू नये म्हणून घालतात तो नारिंगी कोट घालून डेल्बर्ट पायरीवर उभाच होता. बंदूक घेतली नव्हती. वेंडेल हसला. "अरे, शिकारीला की पिकनिकला?"

"मला दिसतंय कुठे मारायला?"

"खरंय. तू नुसता बस." वेंडेलने त्याला हाताला धरून, अगदी सांभाळून, वर चढवलं आणि पट्टा लावून दिला. नेओमाने हात हलवला नाही. तिच्याकडचा डगला मी नंतर पाहिला, तेव्हा उजव्या पट्ट्यावर नुसता दोरा लोंबत होता.

मंगळवारी मी पाकीट टेबलावर ठेवून नेओमासमोर बसले. अकरा वाजले. तिने भांडी घासली, पुसली, पुन्हा घासली. साडेअकराला मी कोट घातला. "बारा म्हणालाय," ती म्हणाली, पण तिनेही चपला काढून बूट घातले होते. बाराला बारा मिनिटं असताना फोन वाजला. अनोळखी नंबर, पलीकडे वारा आणि लांबवर गोळ्या.

"शेरीफला पाठव," डेल्बर्ट म्हणाला. "जुन्या लाकूड गिरणीमागे विहीर आहे."

काय झालं ते त्याने आम्हाला एकदाच सांगितलं. सोमवारी संध्याकाळभर वेंडेल जुन्या गोष्टी काढून हसत होता. सकाळी उजाडताना त्याने बंदूक भरली आणि म्हणाला, चल, तुला बसायची जागा दाखवतो. डेल्बर्टने खिशातून कोंबड्याचं बटण काढून टेबलावर ठेवलं. म्हणाला, "याचा जोडीदार तू जपलास. उपकार झाले. कार्ड लिहून झालंय, शेजारणीकडे आहे. मला काही झालं तरी ते बाराला पोचतं."

वेंडेलने बंदूक टेबलाला टेकवली. मग म्हणाला, धुकं होतं, मला हरीणच वाटलं.

"नारिंगी कोट घातलेलं हरीण?"

डेल्बर्टने विचारलं, गाडी का नाही बुडवलीस दलदलीत? तर वेंडेल खरंच दुखावल्यासारखा म्हणाला, "असली गाडी? बुडवू?" नंतर त्याने विहिरीची जागा सांगितली, अगदी नीट, डावं-उजवं सांगून. बंदूक उचलली. तिचा घोडा चढवल्याचा आवाज झाला. डेल्बर्टला समोर फक्त दोन कान दिसत होते. किती वेळ गेला ते त्याला सांगता येत नाही. मग दार वाजलं, ट्रक सुरू झाला आणि गळणाऱ्या ठोक्यासकट लांब गेला. अंधूक नजरेने, चारी बाजूंना गोळ्या वाजत असताना, रस्त्याची कड पायाने चाचपत डेल्बर्ट मैलभर चालला, तेव्हा दुसऱ्या शिकाऱ्यांची केबिन लागली.

लॉनी विहिरीत मिळाला. आता तो केंटकीत आईच्या डाव्या अंगाला आहे.

वेंडेल मिळाला नाही. त्याचा ट्रकही नाही. पोलीस त्या रंगाचा, त्या नंबरचा ट्रक शोधताहेत. डेल्बर्ट म्हणतो, शोधू देत बापड्यांना. एका गाडीची दुसरी गाडी करणं ज्याच्या हाताचा मळ, तो ट्रक आहे तसा ठेवील होय?

गेल्या आठवड्यात शेरीफच्या माणसांनी केशरी गाडी पुन्हा आमच्याकडे आणली. खटल्यासाठी पूर्ण तपासणी हवी होती. ते पुढच्या आवारात सिगारेट ओढत उभे होते आणि गॅरेजात डेल्बर्ट सांगत होता, मी लिहीत होते. काचेची कड, मूळ. दारावरची पट्टी, मूळ. डिकीशी आल्यावर तो थांबला. मला वाटलं भोकाशी आला म्हणून थांबला. पण त्याने मान वाकडी केली होती, रस्त्याकडे.

कोपऱ्यावर कुठलातरी ट्रक हळू झाला. घरात नेओमाने नळ बंद केला. मी पेन उचलून धरलं होतं. ट्रक क्षणभर तिथेच घरघरला, मग वळला आणि गेला.

"त्याचा नाही," डेल्बर्ट म्हणाला. थोडं थांबून त्याने हात आत घातला. "लिही पुढे."